दोडकं सांजेला, गिलकं सकाळी

आपल्याकडे कोणी फार दिवसांनी भेटलं की लोक म्हणतात, ‘उंबराचं फूल झालास की!’ उंबराचं फूल म्हणजे कधीच न दिसणारी गोष्ट. खरं तर उंबराला फुलं येतात, आणि एकेका उंबरात शेकड्यांनी येतात. फक्त ती आतल्या बाजूला असतात. ज्याला आपण उंबराचं फळ म्हणतो तो मुळात एक फुलोरा आहे, पिशवीसारखा आत वळलेला. पिशवीच्या तोंडाशी सुईच्या टोकाएवढी वाट असते. त्या वाटेनं गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली, मुंगीपेक्षाही लहान अशी एक माशी आत घुसते. घुसताना तिचे पंख गळून पडतात. अंगावर आणलेले पराग ती आतल्या फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथंच मरते.

पुढची पिढी त्याच अंधारात वाढते. नरांना पंखच नसतात. ते माद्यांशी जुळतात, बाहेर जायला भोक पोखरतात आणि मरून जातात. माद्या अंगावर पराग घेऊन त्या भोकातून उडतात. त्यांच्या हातात एक-दोन दिवसांचं आयुष्य असतं. तेवढ्यात वासाच्या मागावर दुसरं उंबर गाठायचं. उंबर फोडल्यावर ज्या किड्यांना बघून आपण नाक मुरडतो, ते हे. ते नसते तर त्या झाडाला बी धरलं नसतं.

वडाची माशी वेगळी, पिंपळाची वेगळी, उंबराची वेगळी. जगात या कुळातली साडेसातशेच्या आसपास झाडं आहेत, आणि बहुतेकांची ठरलेली माशी आहे. हा संसार सात-आठ कोटी वर्षं चालू आहे. इतक्या काळात झाडानं माशी घडवली आणि माशीनं झाड.

हे मी आज इतक्या सहज सांगते, पण बारावीच्या जीवशास्त्रात मी हा विषय तक्ता म्हणून पाठ केला होता. कीटकांनी केलं तर एंटोमोफिली, पक्ष्यांनी केलं तर ऑर्निथोफिली, वटवाघळांनी केलं तर कायरोप्टेरोफिली. तुम्हीही केला असेल. मग अमरावतीत बीएस्सीला वनस्पतीशास्त्र घेतलं, त्यातही तो तक्ता आला, जरा मोठा होऊन. आता मी अमरावतीतच खोली करून स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि संध्याकाळी अकरावी-बारावीच्या शिकवण्या घेते. तोच तक्ता मुलांना देते. पण तो तक्ता मला कळला तो आमच्या घरामागच्या मांडवाखाली.

आमचं गाव अकोट तालुक्यात. घरामागं न्हाणीच्या पाण्यावर आई दरवर्षी वेल लावते. दोडकं, गिलकं (पुण्या-मुंबईकडचं घोसाळं), लवकी (तुमचा दुधी), कारलं, आणि मांडवाच्या बाहेर जमिनीवर पसरलेलं कोहळं, म्हणजे लाल भोपळा. सगळे एकाच कुळातले, चुलतभाऊ म्हणा. पाहणाऱ्याला सगळ्यांची फुलं सारखीच वाटतात: पाच पाकळ्या, पिवळं नाहीतर पांढरं. पण एक दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत मांडवाखाली बसा.

कोहळ्याचं फूल दिवस उगवायच्या आधी उघडतं. मोठं, पिवळंजर्द. ऊन चढलं की मिटतं. गिलकंही सकाळीच, गडद पिवळं. कारलंही सकाळचंच. मग दुपारभर मांडवावर नवं काही घडत नाही. आणि पाच-सहा वाजता, गावात गाई परतायच्या वेळी, दोडकं उघडायला लागतं. त्याचा पिवळा फिका असतो. पाठोपाठ लवकी उघडते, पांढरीशुभ्र. अंधार पडला तरी ती दिसते.

दिवसा येणाऱ्या मधमाश्या रंग ओळखतात. त्यांच्यासाठी गडद पिवळा चालतो. रात्री येणाऱ्या पतंगांना अंधारात फिका रंग आणि वास लागतो. दोडकं आणि गिलकं हे इतके जवळचे भाऊ आहेत, की माणसानं हातानं पराग नेऊन दोघांचा संकर करून पाहिलेला आहे आणि तो होतो. मांडवावर मात्र सहसा होत नाही. एकाचे पाहुणे निघून गेल्यावर दुसऱ्याचं दार उघडतं. नदी किंवा डोंगर आड आला की दोन जाती वेगळ्या राहतात, हे आपल्याला पटकन पटतं. इथं एकाच मांडवावर, हातभर अंतरावर, फक्त वेळ आड आलेली आहे.

फुलाचा रंग, वास, वेळ, आकार हे सगळं कोणत्या तरी पाहुण्यासाठी आहे, हे पहिल्यांदा नीट मांडलं ते जर्मनीतल्या श्पांडाऊच्या एका शाळेच्या मुख्याध्यापकानं, क्रिस्टियान कोनराड स्प्रेंगेल यानं. १७८७ मध्ये त्याला एका रानफुलाच्या पाकळीच्या तळाशी बारीक केस दिसले. ते कशाला, असा प्रश्न त्याला पडला. मधाच्या थेंबात पावसाचं पाणी मिसळू नये म्हणून ते केस आहेत, आणि मध कीटकासाठी आहे, असं उत्तर त्यानं काढलं. १७९३ मध्ये त्यानं शेकडो फुलांवर पुस्तक लिहिलं. त्या काळात त्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. पुढे ते डार्विननं उचलून धरलं.

डार्विनलाही फुलांनी छळलं. १८७९ मध्ये हूकर या मित्राला लिहिलेल्या पत्रात त्यानं फुलझाडांच्या उगमाला ‘किळस यावी असं कोडं’ अशा अर्थाचे शब्द वापरले. त्याचं म्हणणं होतं, उत्क्रांती हळूहळू होते, मग दगडांतल्या जीवाश्मांत फुलझाडं एवढी अचानक आणि एवढ्या जातींची कशी दिसतात? सापोर्ता नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं त्याला सुचवलं होतं, की कीटक आणि फुलं यांनी एकमेकांना पुढं ढकललं असेल. डार्विनला ती कल्पना आवडली होती. आज मोजदाद केली तर फुलझाडांच्या जाती तीन लाखांच्या आसपास भरतात, आणि देवदार, पाइन, सायकस यांसारख्या बिनफुलांच्या बीजधारी झाडांच्या जाती जेमतेम हजारभर. फुलझाडांतल्या दर दहापैकी जवळपास नऊ जाती कोणत्या ना कोणत्या प्राण्याकडून परागीकरण करून घेतात.

हे कोडं आपल्यापासून फार लांबचं नाही. वऱ्हाडाची काळी माती ज्या लाव्ह्याची झाली, तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. एक थर थंड व्हायचा, त्यावर तळी साचायची, झाडं उगवायची, मग पुढचा लाव्हा यायचा. अशा दोन थरांमधल्या गाळात, वरुडच्या पलीकडं मध्य प्रदेशात सौसरजवळच्या मोहगावकलानला, दगड झालेली फुलं सापडली आहेत. आपण ज्या मातीत सरकी टोबतो, ती माती होण्याच्या काळातही इथं फुलं होती.

*

पाहुणा बदलला की फूल बदलतं, याचं सोपं उदाहरण आमच्या वावरात आहे. तूर आणि पळस एकाच कुळातले. दोघांच्या फुलाचा आराखडा एकच: वर झेंड्यासारखी एक मोठी पाकळी, बाजूला दोन पंख, आणि खाली दोन पाकळ्या जुळून झालेली होडी. होडीत पुंकेसर लपलेले.

तुरीचं फूल लहान, पिवळं. त्याचे पंख म्हणजे मधमाशीचा ओटा. ती बसली की वजनानं होडी खाली दबते आणि आतले पुंकेसर तिच्या पोटाला लागतात. पळसाचं फूल त्याच आराखड्याचं, पण दसपट दांडगं. पाकळ्या जाड, मखमली. होडीला पोपटाच्या चोचीसारखा बाक. रंग केशरी-लाल, आणि आत मधाची चैन. लाल रंग मधमाशीला नीट दिसत नाही. पक्ष्याला दिसतो. फाल्गुनात पानं झडलेल्या पळसावर जांभळा शिंजीर, मैना, बुलबुल यांची जत्रा भरते, आणि चोचीच्या धसमुसळेपणाला टिकेल एवढं ते फूल चिवट असतं. वर मेळघाटात गेलात तर मोहाचं फूल रात्री वटवाघळांना बोलावतं. त्याला रंगाची हौस नाही. मांसल, गोड आणि उग्र वासाचं.

‘पण हे असंच होतं याला पुरावा काय?’ असं माझ्या शिकवणीतला एक मुलगा विचारतो. चांगला प्रश्न आहे. अमेरिकेत मिम्युलस नावाचं एक रानफूल आहे. त्याची एक जात गुलाबी, तिच्यावर भुंगे येतात. दुसरी लाल, तिच्यावर गुंजन पक्षी येतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात संशोधकांनी रंग ठरवणारा गुणसूत्राचा एक तुकडा या जातींत अदलाबदल केला. लाल जातीची गडद गुलाबी झालेली फुलं भुंग्यांना ७४ पट जास्त आवडली. गुलाबी जातीची पिवळसर-नारिंगी झालेली फुलं पक्ष्यांना ६८ पट जास्त. रंगातला एक बदल, आणि फुलाच्या दाराशी वेगळे पाहुणे.

झुरिचच्या प्रयोगशाळेत तर हे डोळ्यांदेखत घडवलं. मोहरीच्या नात्यातल्या एका झाडाचे गट केले. एका गटाला परागीकरणासाठी फक्त मोठे भुंगे दिले, दुसऱ्याला फक्त फुलमाश्या. नऊ पिढ्यांत भुंग्यांची झाडं उंच आणि जास्त सुवासिक झाली. फुलमाश्यांची बुटकी राहिली, वास कमी झाला, आणि ती स्वतःच स्वतःचं परागीकरण जास्त करायला लागली. हा निकाल २०१७ मध्ये छापून आला. नऊ पिढ्या म्हणजे आमच्याकडे नऊ हंगाम.

*

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात मी घरी गेले होते. सांजेची वेळ. आई मांडवाखाली स्टुलावर उभी होती. एका हातात दोडक्याचं नर फूल, पाकळ्या सोललेलं. ते ती एकेका मादी फुलाच्या मधोमध हलकेच टेकवत होती. मी विचारलं, हे काय?

‘लगन लावून राह्यली,’ ती म्हणाली. ‘सांजचे पतंग येतच नाहीत आता. बारके बारके दोडके पिवळे पडून गळून जातेत.’

दोडक्याच्या मादी फुलामागं इवलंसं दोडकं आधीच असतं. पराग मिळाले तर ते वाढतं, नाहीतर गळतं. आमच्या घरासमोर त्याआधीच्या वर्षी पांढरा एलईडी लागला होता, आणि चहूबाजूंच्या कपाशीवर दर आठ-दहा दिवसांनी फवारे चालू होते. स्वित्झर्लंडमध्ये रात्रीच्या कुरणांत दिवे लावून पाहिले, तर फुलांवरच्या रात्रपाहुण्यांच्या भेटी ६२ टक्क्यांनी घटल्या. आईला हे आकडे माहीत नव्हते. तिला गळालेली दोडकी माहीत होती.

मला नवल वाटलं ते तिच्या हाताचं. इतकं नाजूक, इतकं भरभर. मी विचारलं, कुठं शिकलीस?

‘कुठं म्हणजे? क्रॉसिंगले जात होती ना मी.’

आईचं माहेर देऊळगावराजाकडचं. तो सगळा भाग बीजोत्पादनाचा. कपाशीचं फूल बहुतेक आपलं आपण फळतं. मधमाश्या येतात, थोडीफार देवघेव होते, पण त्यांच्यावाचून अडत नाही. संकरित बी करायचं असेल तर मात्र एका जातीचे पराग दुसऱ्या जातीच्या फुलावर न्यावे लागतात. १९७० मध्ये सुरतेच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा कपाशीचा पहिला व्यापारी संकरित वाण आला आणि या कामाची देशभर मागणी सुरू झाली. दुपारून उद्या उमलणारी पाती शोधायची, नखानं पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी सोलून काढायची, आतल्या कोवळ्या दांड्याला ओरखडा लागू द्यायचा नाही, वर कागदी टोपी घालायची. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपी काढून नर फूल टेकवायचं. असं रोज, दोन महिने, हजारो फुलं.

त्या कामाला लहान बोटं लागत, म्हणून पोरी लागत. हंगाम शाळेच्या पहिल्या सत्रातच येई. आई सातवीपासून एका प्लॉटवर जाऊ लागली. नववीच्या सहामाहीनंतर ती शाळेत गेली नाही.

जगातले बहुतेक देश कपाशीचे सरळ वाण पेरतात, ज्यांचं बी घरी ठेवता येतं. आपण संकरित पेरतो, आणि २००२ मध्ये बीटी आल्यावर जवळपास सगळं शिवार संकरितच झालं. पाकिटातली प्रत्येक सरकी कुणाच्या तरी बोटांखालून गेलेली असते. बाबा दर जूनमध्ये अकोटच्या दुकानातून पाकिटं आणतात. त्यांच्यावर बोंडाचं चित्र असतं.

वनस्पतीशास्त्रात आम्ही शिकलो, परागवाहक जातींची विविधता घडवतो. मग माणूस परागवाहक झाला की काय घडवतो? मधमाशी दहा झाडांचे पराग अंगावर घेऊन फिरते, तिच्या भेटीतून पुढं काय येईल ते ठरलेलं नसतं. आईला ठरलेला नर आणि ठरलेली मादी दिलेली असे. त्या दोघांतून आलेलं बी सगळं एकसारखं. पूर्वी वऱ्हाडात देशी कपाशी होती, पिवळ्या फुलाची, तळाशी गडद लाल ठिपका असलेली. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं तिचे एकेए मालिकेतले वाण टिकवले आहेत. आमच्या शिवारात ते फूल मी पाहिलेलं नाही.

तुरीची गोष्ट याच्या उलट. १९९१ मध्ये हैदराबादजवळच्या इक्रिसॅटमधून तुरीचा पहिला संकरित वाण आला, तेव्हा क्रॉसिंगचं काम मधमाश्यांनी केलं. माणसांनी मादीच्या ओळीतली नको ती झाडं तेवढी उपटली. एकाही मुलीला शाळा सोडावी लागली नाही, असं मी आईला सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं झालं.’ आणि पुढच्या फुलाकडं वळली.

*

यंदा वैशाखात काकांनी धुरे काढायचा विषय काढला. बाबा आणि काका यांचं वावर लागून आहे. मधल्या धुऱ्यावर एक उंबर, दोन पळस, हिवर, बोरी आणि बरंच नावं नसलेलं. पश्चिमेला दुसरा धुरा, तो नुसत्या काटेरी झुडपांचा. जेसीबी गावात आलाच होता.

‘दोन तास जास्त बसतीन,’ काका म्हणाले. ‘अन् रानडुकरं लपतेत तिथं. मांगच्या साली अर्धा एकर हरभरा खाल्ला.’

ते खोटं नव्हतं. रात्रीची राखण करणाऱ्या माणसाला मी कोणत्या तोंडानं मधमाश्या सांगणार होते? तरी सांगितलं. तुरीवर येणाऱ्या भुंग्यांना घर करायला वाळकं लाकूड लागतं. पानाचे गोल तुकडे कापून नेणारी जी माशी तुरीवर येते, ती पोकळ काडीत नाहीतर जुन्या भोकात अंडी घालते. काही माश्या न नांगरलेल्या जमिनीत राहतात. आपल्या वावरात न नांगरलेली जमीन म्हणजे धुराच. फ्रान्समध्ये पॅरिसच्या आसपासच्या शेतांत एक रानफूल आहे, त्याचं २०-३० वर्षांपूर्वीचं साठवलेलं बी संशोधकांनी आताच्या बियांसोबत लावून पाहिलं. आताची फुलं १० टक्के लहान निघाली, मध २० टक्के कमी. कीटक कमी झाले, तसं ते फूल पाहुण्यांची वाट पाहणं सोडतंय आणि आपलं आपण फळायला लागलंय. एवढ्या कमी वर्षांत.

काकांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘पोरी, तूर तं आपली आपण बी धरते म्हणे.’

हेही बरोबर होतं. तूर बरीचशी स्वतःच फळते. माझ्याजवळ पटकन उत्तर नव्हतं. बाबा गप्प. उंबराला हात लावायला तेही तयार नव्हते. दत्ताचं झाड, आणि आमच्या घरात कारंज्याची वारी आहे. पण उंबर ठेवून बाकी साफ करता येतंच.

तेव्हा आई चहाचे कप उचलत म्हणाली, ‘मी सातवीपासून फुलाईचे लगनं लावले. दोडक्याचेही लावून राह्यली. आता तुमच्या तुरीचेही मीच लावू काय?’

कोणी हसलं नाही. थोड्या वेळानं काका म्हणाले, पश्चिमेचा काढू, मधला या साली राहू द्या. म्हणजे मधल्या धुऱ्याला एक वर्ष मिळालं.

कार्तिकात तूर फुलली तेव्हा मी चार दिवस गावी होते. सकाळी नऊच्या सुमारास धुऱ्याकडच्या ओळीत उभी राहायचे. काळे भुंगे यायचे, आवाजानंच कळायचं. आग्या मोहोळाच्या माश्या यायच्या. धुऱ्यावरच्या बोरीच्या पानांवर गोल गोल कात्र्या दिसल्या, म्हणजे पान कापणारी माशी जवळच कुठं तरी राहत होती. मोबाईलवर व्हिडिओ घेतले, त्यातले बरेच हलले. तुम्हालाही पाहायचं असेल तर सांजेचं दोडकं सोपं आहे. सहाच्या आत जाऊन बसा, आणि टॉर्च लावू नका.

परवा काकांचा फोन आला. ‘त्या धुऱ्याकडच्या दोन ओळींत शेंगा भरीव दिसून राह्यल्या. का मले भास होते?’

‘भास असेलही, काका,’ मी म्हटलं. ‘धुऱ्याजवळची पाच झाडं घ्या, मधली पाच घ्या, आणि शेंगांतले दाणे मोजून पाहा ना.’

‘मोजतो,’ ते म्हणाले. ‘सोंगणी होऊ दे.’

सोंगणी जानेवारीत. जेसीबी गावात पुन्हा वैशाखात येईल.